आजींचा गड्डा आणि हॉटेलचं घड्याळ : एक प्रकरण अभ्यास

सोलापुरात बाहेरून येणाऱ्यांची राहण्या-फिरण्याची सोय लावून देणं हे माझं काम. पाहुणे येण्याआधी हॉटेल बघून येते, मुक्काम चालू असताना रोज चौकशी करते आणि बिल चुकतं झालं की सगळं लिहून ठेवते. या नोंदीतलं हॉटेल शहरातल्या वरच्या दर्जाचं आहे. त्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण इथल्या उणिवा त्या एकाच हॉटेलच्या नाहीत.

कुटुंब मूळचं सोलापूरच्या बाळीवेशीतलं, लिंगायत, घरात कन्नड आणि मराठी दोन्ही. आजी ७८ वर्षांच्या, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. मुलगा आणि सून पुण्यात, मुलगी आणि जावई अमेरिकेत, त्यांची नऊ वर्षांची लेक. बाळीवेशीतलं घर विकून बरीच वर्षं झाली. आजींची इच्छा एकच होती: गड्ड्याला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या (सिद्धेश्वरांच्या) संक्रांतीतल्या यात्रेला यायचं आणि तिथल्या अक्षता सोहळ्यात नातीच्या हातून अक्षता टाकायच्या.

मुलाचा फोन आला. "ताई, पैशाचं बघू नका. अव्वाला त्रास नको बस्स. सोलापुरातलं सगळ्यात भारी हॉटेल द्या."

मी विचारलं, "गाडी कोणती? आणि आजी आंघोळ किती वाजता करतात?"

"वंदे भारत. आंघोळ पहाटे पाचला. का हो?"

"मग हॉटेल ठरवायला सोपं जातं."

मी हे दोनच प्रश्न का विचारते, ते सांगायला हवं. १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत इथं रात्री साडेदहाच्या पुढे पोहोचते आणि परतीला पहाटे सहाच्या सुमारास निघते. मुंबईहून रात्रभर येणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी लवकर उतरवते, पुण्याला जाणारी हुतात्मा सकाळीच सुटते. अक्कलकोटला स्वामींच्या काकड आरतीला जायचं किंवा तुळजापूरला अभिषेकाला, तर उजाडायच्या आत बाहेर पडावं लागतं. म्हणजे सोलापुरात येणाऱ्याचा दिवस सकाळी सातच्या आत सुरू होतो आणि रात्री दहानंतर संपतो. मोठ्या हॉटेलांच्या सोयींची वेळ साधारण सकाळी साडेसात ते रात्री साडेदहा. पाहुण्याला गरज असते तेव्हा स्वयंपाकघर बंद, पोहण्याचा तलाव बंद, नाश्त्याचं दालन बंद. लॉबी किती उंच आणि झुंबर किती मोठं हे सगळे लिहितात. पहाटे पाचला नळाला काय येतं, हे कोणी लिहीत नाही. मी त्यावरूनच हॉटेल जोखते.

खोल्यांची पाहणी

आत गेल्या गेल्या व्यवस्थापकांनी "फाइव्ह स्टार दर्जाचं" असं सांगितलं. तारे देण्याचं काम केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची वर्गीकरण समिती करते. हॉटेलसाठी ते ऐच्छिक असतं आणि मिळालेलं प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. "प्रमाणपत्र बघू?" असं नम्रपणे विचारलं की बोलणं लगेच खऱ्या मुद्द्यावर येतं. या हॉटेलने वर्गीकरण घेतलेलं नव्हतं. त्याने काही बिघडत नाही, पण मग "दर्जाचं" हा शब्द दर ठरवताना मध्ये आणू नये, एवढंच.

खोल्या खरोखर चांगल्या होत्या. गादी घट्ट, पडदा ओढला की पूर्ण अंधार, वातानुकूलन यंत्राचा आवाज जवळजवळ नाही. उशाशी वाचायचा दिवा आणि चार्जिंगची जागा, दोन्ही हाताच्या अंतरावर. रस्त्याकडच्या खोल्यांना दुहेरी काचा होत्या. मी रात्री उशिरा तिथं बसून बघितलं: जड वाहनांचा आवाज येतो, पण झोपमोड होईल असा नाही. उलट मागच्या बाजूच्या, "शांत" म्हणून जास्त दराने देतात त्या खोल्यांखाली जनरेटर आहे. वीज गेली की तो सुरू होतो. म्हणून मी पुढच्याच खोल्या घेतल्या. कार्यक्रमाच्या हॉलची काळजी या वेळी नव्हती, कारण संक्रांतीपर्यंत धनुर्मास, लग्नं नाहीत. फेब्रुवारीत याच खोल्या घ्यायच्या तर हॉलकडचा मजला टाळायला हवा. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करण्याचा नियम आहे, पण त्यानंतर खुर्च्या-टेबलं ओढण्याचा आवाज कुठल्याच नियमात बसत नाही.

खरी अडचण न्हाणीघरात निघाली. दाराशी चार बोटं उंच उंबरा, आत काचेच्या भिंतीआड फक्त शॉवर, धरायला दांडी नाही, खाली गुळगुळीत फरशी. तरण्या माणसाला ही खोली देखणी वाटेल. गुडघा वाकत नाही अशा बाईला ती धोक्याची आहे. अपंगांसाठीची म्हणून एक खोली होती, दांड्या आणि सपाट दार असलेली, पण ती शेजारच्या खोलीला आतून जोडलेली नव्हती आणि आजींना एकटं ठेवायचं नव्हतं. मी व्यवस्थापकांना म्हटलं, "त्याच खोलीत तिसरा पलंग टाका, मुलगा-सून तिथंच झोपतील." त्यांना ते पटेना, जागा कमी पडेल म्हणाले. टेप लावून मोजलं. टेबल हलवलं की पलंग बसत होता. बादली, तांब्या आणि बसायला स्टूल अशी मागणी लिहून दिली. स्टूल धोबीखान्यातून आलं, प्लास्टिकचं पण भक्कम. माझ्या मते ज्या शहरात येणारे निम्मे पाहुणे आईवडिलांना देवदर्शनाला घेऊन येतात, तिथं बादली आणि स्टूल मागायला लागू नये, प्रत्येक मजल्यावर ते तयार असायला हवेत.

आता पाणी. सोलापूरचं पाणी हा विषय इथल्या माणसाला समजावून सांगायला नको. उजनीहून जलवाहिनीने येतं, आणि शहरात नळ काही दिवसांच्या अंतराने सुटतो. मोठं हॉटेल जमिनीखालच्या टाकीवर, बोअरवर आणि टँकरवर चालतं. बोअरचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, शॉवरची भोकं क्षाराने बुजतात. या हॉटेलात पाणी मृदू करणारं यंत्र होतं आणि ते चालू होतं. शॉवरच्या चकतीवर पांढरा थर नव्हता, हा त्याचा पुरावा. गरम पाणी गच्चीवरच्या सौर संचातून आणि त्याला जोड म्हणून विजेच्या हीटरमधून.

पहाटे पाचला जाऊन नळ सोडून बघितला. अर्धी बादली भरेपर्यंत पाणी गारच. कारण सरळ आहे: रात्रभर नळीत उभं राहिलेलं पाणी थंड होतं, आणि ते फिरतं ठेवणारी परतीची नळी इथं टाकलेली नाही. मुख्य उभ्या नळीपासून खोली जितकी लांब, तितकं जास्त गार पाणी आधी वाहून जातं. सुदैवाने अपंगांची खोली लिफ्टजवळ, त्या उभ्या नळीला लागूनच होती. तिथं गरम पाणी लवकर आलं. आजींची खोली तिथं ठरण्याचं हे दुसरं कारण. जानेवारीच्या पहाटे अर्धी बादली गार पाणी मोरीत सोडायचं, तेही या शहरात, मला फार टोचतं. मालकांना परतीच्या नळीचा खर्च काढायला सांगून आले.

जागा

नकाशावर हॉटेल ते सिद्धेश्वर मंदिर तीनेक किलोमीटर. एरवी रिक्षाने दहा मिनिटं. स्टेशनही तेवढंच. अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटर आणि तुळजापूर सुमारे ४५, दोन्हीकडे शहराच्या गर्दीत न शिरता निघता येतं. व्यवसायासाठी येणाऱ्याला किंवा देवदर्शन करून पुढे विजापूरला जाणाऱ्याला यापेक्षा सोयीची जागा नाही.

पण गड्ड्यात तीन किलोमीटरला काही अर्थ राहत नाही. अक्षतेच्या दिवशी यात्रेचे मानकरी असलेल्या हिरेहब्बूंच्या वाड्यातून सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात, पांढरी बाराबंदी घातलेले भक्त ते पेलत मंदिराकडे येतात. होम मैदानावर पाळणे आणि दुकानं. हुतात्मा चौक, पार्क चौक, पांजरापोळ चौक हा सगळा पट्टा माणसांनी भरतो आणि मंदिराकडचे रस्ते वाहनांना बंद होतात. गाडी सोडेल तिथून चालायचं, तासन् तास उभं राहायचं आणि तसंच परत यायचं. चाकाची खुर्ची असली तरी मधल्या वेळात आजींना पाठ टेकायला आणि स्वच्छतागृहाला जागा हवी. गर्दीतली म्हातारी माणसं पाणी पिणं का टाळतात, हे जवळून बघितलेल्याला कळेल.

हॉटेलने यावर तोडगा काढला तो दराचा: मोठी, बैठकीची जोड असलेली खोली घ्या, आजींना आराम मिळेल. मला तो मान्य नव्हता. तीन किलोमीटर लांबच्या सोफ्याचा मंदिराजवळच्या आजींना काय उपयोग? तेवढ्याच वाढीव पैशांत मी पार्क चौकाच्या बाजूला, चालत जाता येईल अशा एका साध्या लॉजमध्ये तळमजल्यावरची एक खोली फक्त त्या दिवसापुरती घेतली. पंखा, स्वच्छ चादर, कमोड. बाकी काही नाही. मुलाला फोनवर सांगितलं तेव्हा तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "लॉज? अव्वाला?"

"झोपायला नाही हो दादा. दुपारी दोन तास पाय पसरायला."

मुक्काम

गाडी वेळेवर आली. स्टेशनवर हमालाने चाकाची खुर्ची आणून ठेवली होती. हॉटेलात पोहोचेपर्यंत अकरा वाजत आले. इथं पहिली ठेच लागली. परदेशी पासपोर्ट असलेल्या पाहुण्याची नोंद २४ तासांत ऑनलाइन करणं हॉटेलवर बंधनकारक असतं. मुलगी, जावई आणि नात, तिघांचीही. त्यासाठीच्या पासपोर्टच्या प्रती मी आधीच पाठवल्या होत्या. त्या दिवसपाळीच्या टेबलावर राहिल्या आणि रात्रपाळीच्या मुलाला पत्ता नव्हता. त्याने पुन्हा प्रती काढल्या, फोटो काढले. तोवर आजी लॉबीतल्या खोलगट सोफ्यात रुतून बसल्या, उठताना दोघांनी धरावं लागलं. नोंद पाहुणा खोलीत गेल्यावरही करता येते, मुदत २४ तासांची आहे. घाई कोणाच्याच कामाची नव्हती.

जेवण मात्र बिनचूक. स्वयंपाकघर साडेदहाला बंद होतं हे माहीत असल्याने आधीच सांगून ठेवलं होतं: ज्वारीची भाकरी, शेंगा चटणी, दही, मुगाची खिचडी. आचाऱ्याने भाकरी गाडी स्टेशनात शिरल्याचा फोन आल्यावरच टाकल्या. आजी जेवल्या आणि मग म्हणाल्या, "ते गुबगुबीत पांघरूण काढा, मला चादर द्या." मजल्यावर चादर नव्हती. सोलापुरात! जिथली चादर भौगोलिक मानांकन मिळवून जगात ओळखली जाते, तिथल्या चांगल्यातल्या चांगल्या हॉटेलच्या कपाटात एक सोलापुरी चादर नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं. हाउसकीपिंगच्या एका वयस्क मामांनी पहारेकऱ्यांच्या खोलीतून धुतलेली चादर आणून दिली. आजींशी ते कन्नडमध्ये बोलले. काय हवं-नको ते आजी पुढचे सगळे दिवस त्या मामांनाच सांगत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता साडेसातऐवजी साडेसहाला मिळाला, कारण आचाऱ्याने स्वतःच होकार दिला होता. उपमा, चहा, केळी. दुपारच्या जेवणात त्याने वालपापडी, वांगं, गाजर, हरभरा घालून भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी केली. कोणी सांगितलं नव्हतं. अमेरिकेहून आलेल्या मुलीने ती भाजी दोनदा मागून घेतली. हॉटेलच्या जाहिरातीत जगभरच्या पदार्थांची यादी आहे, भोगीच्या भाजीचा उल्लेखही नाही. माझ्या दृष्टीने त्या स्वयंपाकघराची किंमत या एका पानाने ठरली.

अक्षतेच्या दिवशी सकाळीच निघालो. रस्ते बंद व्हायच्या आत हॉटेलच्या गाडीने डफरीन चौकाच्या पुढे सोडलं. तिथून चाकाच्या खुर्चीने लॉजवर. आजी पडून राहिल्या, चहा घेतला, पाणी मनमुराद प्यायल्या. सोहळ्याच्या आधी मुलगा-जावयाने त्यांना होम मैदानाच्या कडेला आणलं. सोहळ्याचा विधी होतो त्या संमती कट्ट्यापर्यंत पोहोचणं शक्यच नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. कुंभारकन्येचा सिद्धरामांच्या योगदंडाशी झालेला तो विवाह, त्याची संमती ध्वनिक्षेपकावर ऐकू येते आणि उभा आहे तिथून प्रत्येक जण अक्षता टाकतो. नातीने टाकल्या, आजींनी टाकल्या. लगेच परतीची धडपड करावी लागली नाही. खोलीवर जाऊन झोपल्या, गर्दी ओसरल्यावर हॉटेलकडे निघाल्या. मुलाने त्या रात्री फोन केला तो त्या लॉजबद्दल बोलायला.

पोहण्याच्या तलावात नात एका दुपारी उतरली, पाणी गार म्हणून लगेच बाहेर आली. व्यायामशाळेत कोणी फिरकलं नाही. वायफाय चांगलं होतं, जावयाने रात्री उशिरापर्यंत काम केलं. अक्कलकोटच्या दिवशी पहाटे साडेचारला निघाले तेव्हा पहारेकऱ्याने थर्मासमध्ये चहा भरून दिला.

बिल

खोलीचा यात्रेतला दर ७,६०० रुपये सांगितला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर गेली की १८ टक्के. ७,६०० ला कर धरून ८,९६८ होतात, ७,५०० ला ७,८७५. शंभर रुपयांच्या दरासाठी पाहुण्याच्या खिशातून १,०९३ रुपये जास्त जातात, आणि त्यातले हॉटेलला फक्त शंभर मिळतात. हे कागदावर मांडून दाखवलं आणि दर ७,५०० झाला. जेवणावर मात्र १८ टक्केच लागले. मागच्या आर्थिक वर्षात हॉटेलने एखादी खोली ७,५०० च्या वर दिली असेल तर त्याच्या उपाहारगृहालाही १८ टक्के लागतात, आणि इथल्या मोठ्या खोल्या तशा दिल्या गेल्या होत्या.

बिलात सेवाशुल्काची एक ओळ होती. ४ जुलै २०२२ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या आहेत. सांगितल्यावर काही न बोलता ती ओळ काढली. कुटुंबाने त्याहून जास्त रक्कम आचारी आणि मामांच्या हातात ठेवली. बिल आदल्या रात्रीच मिटवलं होतं, त्यामुळे पहाटेच्या गाडीला धावपळ झाली नाही. बरोबर डबे दिले होते: शेंगापोळी आणि धपाटे.

मुक्कामानंतर हॉटेलला चार गोष्टी लिहून दिल्या: पासपोर्टची नोंद पाहुणा खोलीत गेल्यावर करा, प्रत्येक मजल्यावर बादली, स्टूल आणि चादर ठेवा, यात्रेच्या आणि गुरुवार-पौर्णिमेच्या दिवशी नाश्ता साडेसहाला सुरू करा, गरम पाण्याची परतीची नळी टाका. पहिल्या दोन लगेच मान्य झाल्या. नाश्त्याच्या वेळेवर "बघू" असं उत्तर आलं. नळीचं काम उन्हाळ्यात, खोल्या रिकाम्या असताना करणार आहेत.

अक्कलकोट-तुळजापूर करणाऱ्या कुटुंबाला मी हेच हॉटेल देईन, लिफ्टजवळच्या पुढच्या खोल्या सांगून. एकट्या ज्येष्ठ जोडप्याला अपंगांची ती एक खोली मोकळी असेल तरच, नाहीतर उंबरा नसलेलं दुसरं, साधं हॉटेल. आणि गड्ड्याला येणाऱ्यांसाठी पार्क चौकाकडच्या लॉजवाल्यांना पुढच्या संक्रांतीच्या तळमजल्यावरच्या खोल्या आत्ताच सांगून ठेवल्या आहेत.